दोन ओंडके आणि 14 मात्रा

एम.ए. मराठी करायचं खूळ माझ्या डोक्यात 47 व्या वर्षी शिरलं, तेही बहिःस्थ, म्हणजे दिवसभर ऑफिस, संध्याकाळी स्वयंपाक आणि रात्री साडेनऊनंतर काव्यशास्त्र. दुसऱ्या सेमिस्टरला एक असाइनमेंट होती, 20 मार्कांची, "पौराणिक विषयावरील कोणत्याही एका आधुनिक कवितेच्या रूपबंधाचे आणि अलंकारांचे विश्लेषण करा". मला वाटलं हे तर सोप्पंय. ग. दि. माडगूळकरांचं, म्हणजे गदिमांचं, गीतरामायण घेऊ, त्यातलं 'दैवजात दुःखे भरता' घेऊ, लहानपणापासून पाठ आहे, आईकडे कॅसेटी होत्या आणि रविवारी सकाळी पोहे फोडणीला पडले की बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आवाज सुरू व्हायचा. एका रात्रीत सात पानं लिहून पाठवून दिली.

आठ दिवसांनी पीडीएफ परत आली. खाली लाल अक्षरात एकच वाक्य होतं, "आशय छान सांगितलात, रूपाबद्दल एकही वाक्य नाही."

राग आला आधी. मग पुन्हा वाचलं तर खरंच नव्हतं हो. सात पानं मी काय लिहिलं होतं तर राम किती स्थितप्रज्ञ, भरत किती भोळा, जीवन कसं क्षणभंगुर, आणि शेवटी 'गदिमांची प्रतिभा अलौकिक आहे' हे दोन वेळा. शाळेत रसग्रहण असंच लिहायचो ना आपण, कवीला काय म्हणायचंय ते आपल्या वाक्यात परत सांगायचं, मग 'अनुप्रास व यमक यांमुळे काव्यास गेयता प्राप्त झाली आहे' हे वाक्य चिकटवायचं की झाले पाच मार्क.

तर आता दुसऱ्यांदा, आणि यावेळी नीट करायचं ठरवलं. मुलीची अर्धी कोरी फिजिक्सची वही घेतली आणि पहिल्या पानावर ध्रुवपद लिहिलं:

दैवजात दुःखे भरता, दोष ना कुणाचा
पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा

सर एकदा ऑनलाइन लेक्चरला म्हणाले होते की आधी कविता कुठल्या जातकुळीची ते ठरवा. म्हणजे मराठीत साधारण तीन प्रकार, अक्षरगणवृत्त ज्यात लघु-गुरूची, म्हणजे हलक्या-जड अक्षरांची, जागा ठरलेली असते, मात्रावृत्त म्हणजे जाती ज्यात ओळीच्या एकूण मात्रा मोजायच्या, आणि छंद, आपला ओवी-अभंगासारखा, ज्यात नुसती अक्षरं मोजतात. मी अक्षरं मोजली. दै-व-जा-त-दुः-खे-भ-र-ता, नऊ. दो-ष-ना-कु-णा-चा, सहा. खालची ओळ, प-रा-धी-न-आ-हे-ज-ग-ती नऊ, पु-त्र-मा-न-वा-चा सहा. नऊ सहा, नऊ सहा! मी इतकी खूश झाले की वहीत मोठ्ठं 'छंद' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये पुढचं कडवं मनात म्हणत बोटांवर मोजत होते. 'अंत उन्नतीचा पतनी', नऊ, बरोबर. 'सर्व संग्रहाचा वत्सा', आठ. परत मोजलं, आठच. शेजारची बाई बघायला लागली, तिला वाटलं असेल जप करतेय. त्या 'वत्सा'ने माझा छंद मोडला. आणि 'माय कैकयी ना दोषी' पण आठच निघालं.

मग मात्रा मोजायला बसले, ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, आणि ऱ्हस्वापुढे जोडाक्षर आलं तर त्याच्या दोन. दैवजात 6, दुःखे 4, भरता 4, झाले 14. दोष ना कुणाचा, 10. आता 'सर्व संग्रहाचा वत्सा', सर्व 3, संग्रहाचा 7, वत्सा 4, परत 14! अक्षर एक कमी पण मात्रा तितक्याच, कारण 'भरता'त भ-र-ता अशी तीन अक्षरं आणि 'वत्सा'त दोनच, पण वजन दोन्हीकडे चारच. म्हणजे ही जाती आहे, 14 वर यती म्हणजे थांबा, मग 10, एकूण 24. कालचा 'छंद' खोडला.

आता नाव काय या जातीचं? दिंडी 9 आणि 10 ची, साकी 16 आणि 12 ची, पादाकुलक आठ-आठची. यातली कुठलीच नाही. दोन संध्याकाळी मी नुसतं नाव शोधण्यात घालवल्या आणि शेवटी सोडून दिलं, लिहिलं की '14+10 ची मात्रारचना', बस. खरं तर नाव मिळालं असतं तरी मी नाव लिहून पुढे गेले असते आणि पुढचं काहीच दिसलं नसतं असं आता वाटतंय.

कारण खरी गंमत झाली ती हिशोब न जुळणाऱ्या ओळींपाशी. 'दोन ओंडक्यांची होते' घ्या. ओंडक्यांची मधल्या 'ड'च्या पुढे 'क्यां' जोडाक्षर आहे, नियमाने ड च्या दोन मात्रा, म्हणजे ओळ 15 ची. 'संपल्याविना ही वर्षे', प च्या पुढे 'ल्या', परत 15. 'राज्यत्याग काननयात्रा' मध्ये 'ज्य'च्या पुढे 'त्या', परत 15. तीन ठिकाणी एकेक मात्रा जास्त. मी म्हटलं गदिमा चुकले? (असं वाटायची पण हिंमत झाली याचं मलाच हसू आलं.)

आई गवार निवडत बसली होती. तिला म्हटलं, "आई, जरा ते दोन ओंडक्यांची म्हण ना."

"म्हणू की गाऊ?"

"गा."

तिने गायलं, वयामुळे आवाज आता थरथरतो पण ताल पक्का आहे, आणि मी नुसतं ऐकलं. ती 'ओंड-क्यांची' असं म्हणते, ड वर थांबतच नाही, त्याला आघात नाहीच. 'संपल्या' पण तसंच, प वर जोर नाही. मराठीत आपण 'वाड्यात', 'घरच्यांना', 'गेल्यावर' असं बोलताना त्या य-जोडाक्षराने मागच्या अक्षराला ढकलत नाही, संस्कृतातला नियम इथे तसाच लावला की आकडा बिघडतो. मग मी 'मृत्यू'वर आले, 'जिवासवे जन्मे मृत्यू'. इथे पण य चंच जोडाक्षर, पण मृ वर आघात येतो, मृत्-त्यू, दोन मात्रा धराव्याच लागतात, आणि धरल्या तर 6, 4, 4 अशा बरोब्बर 14. म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द संस्कृत वजनाने आणि मराठी प्रत्यय लागलेला शब्द मराठी वजनाने, एकाच गाण्यात दोन्ही. 'राज्यत्याग'चं मला अजून नक्की सांगता येत नाही, तत्सम समास आहे तरी गाताना 'राज्य' आणि 'त्याग' सुटे म्हटले जातात म्हणून चालत असावं. आई म्हणाली, "एवढं काय त्यात, जिभेला जसं येतं तसं लिहिलंय." ते वाक्य मी असाइनमेंटमध्ये घातलं, अर्थात आईचं नाव न देता.

दुसऱ्या अर्ध्या भागाची पण एक कटकट होती. 'सागरात भेट' 9 येतं, 'नाश हाच अंत' पण 9, पण ओळीच्या शेवटचा लघु गुरू धरायची सवलत असते त्यामुळे 10 होतात, ठीक. पण मग 'पुन्हा नाही गाठ' सवलतीशिवायच 10 येतं आणि सवलत धरली तर 11. हे 'नाहि' असं ऱ्हस्व म्हटलं की सुटतं आणि म्हणतातही तसंच. नेटवर टाईप केलेल्या गाण्यांमध्ये कुठे 'होइ' कुठे 'होई', कुठे 'दोषि' कुठे 'दोषी' असं असतं, त्यावर विसंबून मात्रा मोजू नयेत हे मी तीन रात्री घालवून शिकले.

आता अलंकार. इथे मी गाइड उघडलं, खोटं कशाला बोलू. 'दोन ओंडक्यांची होते सागरात भेट' या कडव्यापुढे छापलं होतं दृष्टान्त. मी पण दृष्टान्त लिहिलं. मग काव्यशास्त्राच्या पुस्तकात दृष्टान्ताची व्याख्या वाचली तर तिथे म्हटलंय की दोन गोष्टी बिंब-प्रतिबिंबासारख्या शेजारी ठेवायच्या पण 'जसे, तसे, सारखे' असा शब्द वापरायचा नाही. आणि कडव्याची तिसरी ओळ काय आहे? 'क्षणिक तेवि आहे बाळा, मेळ माणसांचा'. 'तेवि' म्हणजे तसाच! साम्य दाखवणारा शब्द सरळ तिथे बसलाय. म्हणजे ही उपमा झाली, दोन वाक्यांएवढी लांब उपमा. मी गाइडवर पेन्सिलने फुली मारली, 47 व्या वर्षी गाइडवर फुली मारण्याचा आनंद वेगळाच असतो.

दृष्टान्त नाही तर मग अर्थान्तरन्यास मात्र आहे, आणि तो ध्रुवपदातच आहे. अर्थान्तरन्यास म्हणजे एका विशिष्ट गोष्टीला सर्वसाधारण नियमाचा आधार द्यायचा. कैकेयी दोषी नाही, बाबा दोषी नाहीत, ही विशिष्ट गोष्ट, आणि का नाही तर माणूसच पराधीन आहे, हा नियम. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद परत येतं म्हणजे प्रत्येक कडव्याला तोच आधार परत परत दिला जातो. ध्रुवपद हे नुसतं गायला सोपं जावं म्हणून असतं असं मला वाटायचं.

अनुप्रास तर आहेच, दैव-दुःख-दोष, पण तो शोधायला काही अक्कल लागत नाही. त्यापेक्षा मला एक वेगळंच सापडलं, तेही वहीत शब्द उभे लिहिले म्हणून. दैवजात. कर्मजात. जन्मजात. प्राणिजात. चार वेळा 'जात'! पहिल्या तिन्हींत 'जात' म्हणजे जन्मलेलं, दैवातून जन्मलेलं दुःख, कर्मातून जन्मलेला वनवास, जन्मासोबत आलेला मृत्यू, आणि चौथ्यात 'जात' म्हणजे समूह, सगळे प्राणी. राम ज्या ज्या गोष्टीचं कारण सांगतो तिथे तो 'कुणी केलं' असं न म्हणता 'कशातून जन्मलं' असं म्हणतो. आरोपीच शिल्लक ठेवत नाही. भरत चित्रकूटावर आलाय तो आईवर चिडून, आणि मोठा भाऊ त्याच्यासमोर अशी भाषा वापरतोय ज्यात कर्ताच नाही. हे लक्षात आल्यावर मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन थोडी रडले, मार्च एंडिंग होतं, कारणं बरीच असतील.

यमकाबद्दल. कुणाचा, मानवाचा, संचिताचा, जगाचा, माणसांचा, ही साखळी सरळ आहे. पण कडव्यातल्या पहिल्या दोन ओळींची यमकं ढिली आहेत. 'जगात'ला 'अंत', 'भेट'ला 'गाठ'. मी लिहिलं होतं 'येथे यमक सदोष आहे', फार ऐटीत. मग रात्री भांडी लावताना एकदम ट्यूब पेटली. भेट आणि गाठ. गाठभेट! आपण 'गाठभेट झाली' म्हणतो, एकच जोडशब्द आहे तो, आणि इथे तो फोडून एक तुकडा पहिल्या ओळीच्या टोकाला आणि दुसरा पुढच्या ओळीच्या टोकाला ठेवलाय, आणि मधे काय आहे तर लाट, 'एक लाट तोडी दोघा'. ओंडक्यांचं जे होतं तेच शब्दाचं होतं. आता हे त्यांनी ठरवून केलं की लिहिता लिहिता झालं मला माहीत नाही आणि मला फरकही पडत नाही. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर दर आठवड्याला नवीन गाणं जायचं, सगळी मिळून 56 गाणी, लिहायचं, मग सुधीर फडक्यांनी चाल लावायची, तालमी आणि ब्रॉडकास्ट. त्या घाईत यमकं घासून पुसून गुळगुळीत करायला वेळ कुठला असणार, पण घाईतसुद्धा भाषा ज्याच्या हाडात असते त्याच्याकडून असं होऊन जातं.

'पौराणिक' हा भाग अजून बाकी होता. मूळ कथा वाल्मीकींची, तर मूळ काय आहे ते बघू म्हणून अयोध्याकांड काढलं. प्रचलित प्रतींमध्ये 105 वा सर्ग, चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे हस्तलिखितं ताडून तयार केलेल्या प्रतीत, आकडा वेगळा पडतो. माझं संस्कृत दहावीच्या पन्नास मार्कांपुरतं, पण भाषांतर शेजारी ठेवून एकेक श्लोक लावला आणि थक्क झाले, कारण गाण्याची बरीचशी कडवी तिथे रांगेने उभी आहेत. मला आपलं वाटायचं की हे तत्त्वज्ञान गदिमांचं.

सर्वे क्षयान्ता निचयाः पतनान्ताः समुच्छ्रयाः ।
संयोगा विप्रयोगान्ता मरणान्तं च जीवितम् ॥

साठा संपण्यात संपतो, उंची पडण्यात, भेट ताटातुटीत, जगणं मरणात. चार वेळा 'अन्त'. आता गदिमा काय करतात बघा. पहिल्या दोन गोष्टींची अदलाबदल करतात, उन्नती आधी आणि संग्रह नंतर. चौथी गोष्ट, मरण, उचलून पुढच्या कडव्यात ठेवतात, तिथे मृत्यू जिवाबरोबर जन्मणारा जुळा भाऊ होतो. आणि तिसरीत एक शब्द बदलतात. वाल्मीकी म्हणतात विप्रयोगान्त, गदिमा म्हणतात 'वियोगार्थ मीलन होते'. अन्तच्या जागी अर्थ! भेटीचा शेवट वियोगात होतो हे एक, आणि भेट होते तीच मुळी वियोगासाठी हे दुसरं. हे फारच कडक आहे. मूळ श्लोकात दुःख आहे पण ते निसर्गनियमासारखं आहे, इथे ते जणू कुणीतरी आखून ठेवलंय. अलंकार म्हणून याला विरोधाभास म्हणता येईल, भेटणं वियोगासाठी, पण नुसता विरोधाभास असं लिहून सोडून द्यावंसं वाटेना, मी त्यावर पाऊण पान लिहिलं.

आणि ओंडके. तेही तिथलेच, 'यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे'. महाभारताच्या शांतिपर्वातही जवळपास हाच श्लोक येतो. वाल्मीकी म्हणतात दोन लाकडं समुद्रात भेटतात आणि 'कालमासाद्य कंचन', काही काळानंतर वेगळी होतात. तिथे लाट नाही! मी तीन वेळा वाचलं. लाट गदिमांची आहे. वाल्मीकींचा 'काळ' त्यांनी लाटेत बदलला, डोळ्यांना दिसेल अशा, एका क्षणात येऊन जाणाऱ्या. आणि 'एक लाट', फक्त एक. शिवाय मूळ श्लोकाच्या पुढे बायको, मुलं, नातेवाईक, संपत्ती अशी यादी येते, ती सगळी काढून टाकून फक्त 'मेळ माणसांचा' ठेवलंय, संपत्तीला त्यात जागा नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट राहिली होती जी मला कुठल्या हेडिंगखाली टाकायची कळत नव्हती. रामाने मारलेल्या हाका. पहिल्यांदा 'भरता', मग 'वत्सा', मग 'वेड्या', मग 'बाळा'. नावापासून सुरुवात होते आणि पुढे पुढे बापाची भाषा येते. दशरथ नुकताच गेलाय ना, ती जागा रिकामी आहे, राम बोलता बोलता त्या जागेवर जाऊन बसतो, आणि मग शेवटी एकदम सूर बदलतो, 'अयोध्येस नाही येणे, सत्य हे त्रिवार'. त्या 'त्रिवार'नंतर कुठलीही प्रेमाची हाक नाही. मी हे 'संबोधनांची योजना' असं काहीतरी भारदस्त नाव देऊन शेवटच्या परिच्छेदात टाकलं. (14 वर्षांना गदिमा 'दशोत्तरी चार' म्हणतात आणि ओळीच्या पहिल्या भागात मात्रा पण 14, हे सुद्धा मी लिहिलं होतं, मग खोडलं, कारण तो योगायोग आहे आणि सरांनी लाल पेनाने गोल केला असता.)

पाठवलं. यावेळी बारा पानं. 20 पैकी 15 मिळाले. पाच कशाचे गेले ते लिहिलं नव्हतं, पण 'तेवि'च्या परिच्छेदाशेजारी बरोबरची खूण होती आणि 'गाठभेट'शेजारी उद्गारचिन्ह, ते कौतुकाचं की 'काहीही काय' वालं हे मी विचारलं नाही. शेवटी खाली एक ओळ, "यानंतरचे गीतही मोजून पाहा."

यानंतरचं गीत म्हणजे भरताचं, 'तात गेले माय गेली, भरत आता पोरका'. रविवारी दुपारी फिजिक्सची वही परत काढली. तात गेले, 7. माय गेली, 7. भरत आता, 7. पोरका, 5. रामाच्या 14 मात्रा भरताने पण घेतल्यात पण त्यांचे दोन सारखे तुकडे केलेत, गालगागा गालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु), आणि पुढची ओळ 'मागणे हे एक रामा, आपुल्या द्या पादुका' तर तंतोतंत त्याच चालीवर जाते, गझल लिहिणाऱ्या मैत्रिणीने ऐकलं तर म्हणेल हे आमचं देवप्रिया वृत्त. तिथे 'आपुल्या'मधला पु परत हलका, जोडाक्षर असून.

रामाने एवढं सगळं समजावून सांगितलं, उन्नती, संग्रह, ओंडके, लाट. भरत त्यातल्या कशालाच उत्तर देत नाही. बाप गेला, आई गेली म्हणतो, आणि चपला मागतो.

आईला म्हटलं, हे गा. ती म्हणाली, हे नको, हे मला पुरं होत नाही.